पांढऱ्या रंगाचा एक हात

झोहरा : ती बादली आधी खाली ठेवा. माझ्या डोळ्यांदेखत या भिंतीला पांढरा रंग लागायचा नाय.

जमालुद्दीन : झोहरा, बाजूला हो. मालकाचा माणूस संध्याकाळी येतोय. भिंत पांढरी दिसली नाय तर घर खाली करा म्हणाला.

झोहरा : म्हणू दे. पाच वर्षं इथं कचऱ्याच्या पिशव्या सडत होत्या, तेव्हा नाक दाबून जायचा. आम्ही सगळ्या गल्लीनं मिळून चित्रं काढली, तर आता याला अराद गावाची शोभा आठवली?

सुहा : अब्बा, माझी खाडी आहे त्यात. आणि शेजारच्या उम्म अहमदची होडी. शी इज एटी, अब्बा. स्टुलावर बसून काढली तिने.

जमालुद्दीन : ठाऊक हाय गो. स्टूल मीच धरलं होतं.

झोहरा : मग हात कसा उठतो तुमचा? तीस वर्षं गोदीत जहाजं रंगवलीत, आणि या माणसापुढं मान खाली?

जमालुद्दीन : मान खाली घातली म्हणून तर तीस वर्षं परमुलखात राहिलो. सुहाची बारावी हाय यंदा. वर्षाच्या मध्येच कुठं घर शोधू?

झोहरा : ते मला नका सांगू. मी इथंच खुर्ची टाकून बसते. मारा रंग माझ्यावरून.

जमालुद्दीन : बस. आधी तेवढं बादलीचं झाकण काढून दे.

झोहरा : हा तर घरातल्या भिंतीचा पाण्याचा रंग. आणि पॉलिश पेपर कुठं हाय?

जमालुद्दीन : नाय आणला.

झोहरा : अहो, खालच्या चित्रांचा रंग जहाजाचा. गोदीत टाकून दिलेले डबे तुम्हीच मागून आणलेत. बोट घसरतं त्याच्यावरून. घासल्याबिगर वरचा रंग धरेल कसा?

जमालुद्दीन : नाय धरणार.

सुहा : त्या अंकलना माहीत आहे?

जमालुद्दीन : तो म्हणाला, पांढरा मार. घासायचं काय बोलला नाय. हवा दमट हाय, चार दिवसांत पोपडे गळतील.

झोहरा : परत मारायला लावील.

जमालुद्दीन : परत मारीन. असाच.

(झोहरा खुर्ची उचलून बाजूला ठेवते.)

झोहरा : द्या तो दुसरा ब्रश.

जमालुद्दीन : सुहा, तू उम्म अहमदकडे जाऊन ये. म्हणावं, शुक्रवारपर्यंत होडी दिसायची नाय. रडू नको म्हणावं.