आईने सेबू पाहिलं

आमची आई रोज देवापुढे दिवा लावताना ग्रेसचं नाव घेते. का, ते ऐका.

नॉटिंगहॅमला माझ्याकडे आलेली असताना आई पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी चालायला हवं होतं, पण ती पलंगावरून उतरेचना. "आता माझ्याच्याने होणार नाही रे," एवढंच म्हणायची. मी पार घाबरलो.

तेवढ्यात ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स वॉकर घेऊन आली. मला म्हणाली, "तुझ्या मम्मीला सांग, आज मी तिला माझं सेबू शहर दाखवणार."

"इथे कुठे आलंय हिचं शहर?" असं म्हणत आईने पाय खाली टाकले.

कॉरिडॉरमधून ग्रेस सांगत चालली, मी मराठीत सांगत मागे. "हा आमचा मोठा रस्ता, ओस्मेन्या बुलेवार्ड. मागे राहिलं ते कॅपिटॉल, सरकारी कचेरी. हे कारंज्याचं सर्कल. आणि हा कोलोन स्ट्रीट, दुकानंच दुकानं!"

"म्हणजे आमचा लक्ष्मी रोड," आई धापा टाकत म्हणाली.

कॉरिडॉर संपला. खिडकीपाशी थांबून ग्रेस म्हणाली, "आणि हे बाळ येशूचं चर्च."

आईने वॉकर सोडला आणि दोन्ही हात जोडले.

"अगं आई, पडशील!"

"देवाच्या दारात आले आणि नमस्कार नको करू?"

ग्रेसने तिला कमरेला धरून सावरलं. ग्रेसचे डोळे भरले होते. म्हणाली, "किती वर्षांत मीच तिथे गेले नव्हते. आज मम्मीमुळे गेले."