पहिला घोट

अगं, लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघंच मानकोलीहून थेट नाशिकला गेलो, द्राक्षाच्या मळ्यातल्या हॉटेलात जेवायला. गाडीतच यांना बजावलं होतं, "तिथं गावचं काही करू नका हां." हे म्हणाले, "न्हाय करत."

वेटरने वाइन आणली, चाखून बघा म्हणून यांच्या ग्लासात घोटभरच ओतली आणि अदबीने उभा राहिला. यांना वाटलं, वा, इथेही आपलीच रीत! आमच्याकडे प्यायच्या आधी पितरांच्या नावाने थोडी जमिनीवर सोडतात ना. यांनी अख्खा घोट शेजारच्या वेलीच्या मुळाशी ओतला आणि हात जोडले. "बा, घे."

पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी मेनूकार्डात तोंड लपवलं.

वेटरने कसंबसं विचारलं, "सर, कशी वाटली?"

"थांब जरा. म्हाताऱ्यानं आताच घेतलीय."

मी टेबलाखालून यांचा पाय दाबला. यांना वाटलं, माझ्या वडिलांना द्यायचं राहिलं म्हणून मी रुसले. लगेच वेटरला म्हणाले, "ए भावा, एक द्राक्षाचा रस पन आन. हिचा बा माळकरी होता."