अकरा दिवस एकशे आठ

(सिंगापूर, बिशान. मेधा साठे यांच्या घरचा हॉल, दिवेलागणीच्या थोडं आधी.)

चैत्राली : ...म्हणून मला वाटलं, एम. साठे म्हणजे कोणीतरी मोठी सायंटिस्ट असणार. आईला विचारलं तर ती म्हणाली, अगं, एकादशीला खिचडी पाठवतात त्या मेधाकाकू.

मेधा : आता पुढच्या एकादशीला डब्यावर नाव घालून पाठवीन. सायंटिस्टच्या हातची म्हणून तरी संपेल. तुझा भाऊ निम्मी परत पाठवतो.

चैत्राली : हसू नका ना काकू. तीन आठवडे शोधतेय मी. एका पेपरात वाचलं, की सिंगापुरातला पारिजातक अगदी कोरड्या फेब्रुवारीतसुद्धा फुलायचा थांबत नाही. आधार म्हणून खाली दुसऱ्या पेपरचं नाव. तो उघडला, तर त्यात तिसऱ्याचं. तिसरा हेमचंद्र सरांचा. आणि त्याच्या तळाला बारीक अक्षरांत, रोजची मोजणी एम. साठे, बिशान, यांनी फोनवरून कळवली. बस. सगळे जण तुमच्या दाराशी येऊन थांबलेत.

मेधा : माझं नाव छापलंय?

चैत्राली : तुम्ही बघितलंच नाही?

मेधा : सरांनी प्रत पाठवली होती. देवघराखालच्या कप्प्यात असेल. पाकीट फोडलं नव्हतं मी.

चैत्राली : आमच्या गाइड मॅडमचं एकच असतं. जे स्वतः पाहिलं नाहीस, त्याचा आधार द्यायचा नाही. दुसऱ्यानं पाहिलं असं तिसरा म्हणतो, हे चालत नाही. मूळ कुठंय ते शोध म्हणाल्या. सरांना कॅनडात मेल केली. ते म्हणाले, आकडे मी दर रविवारी फोनवर घ्यायचो, वही कधी पाहिली नाही, मेधाताईंना विचार. म्हणून आले, क्लेमेंटीहून, कॉलेजातून थेट.

मेधा : आणि काल फोन केलास, म्हणून वह्या काढून ठेवल्या. या बघ. कुंकवाचे डाग आहेत कुठं कुठं, चालतील ना?

चैत्राली : चालतील लाह.

मेधा : ते तुझं सिंगापुरी लाह चपलांपाशी काढून येत जा गं.

चैत्राली : सॉरी. पण काकू, हे किती नीट लिहिलंय. तारीख, आकडा. तारीख, आकडा. कशासाठी मोजत होता तुम्ही? सरांनी सांगितलं होतं?

मेधा : सर नंतर भेटले. गणपतीत कोणाकडे तरी. मी मोजते हे ऐकून म्हणाले, ताई, मला सांगत जाल का. त्याच्या आधीपासून माझं चालू होतं. लक्ष वाहायचं होतं. बाळकृष्णाला पारिजातकाची एक लाख फुलं. खालच्या बागेत ते झाड आहे ना, त्याच्या बुंध्याशी पहाटे सडा पडलेला असतो. दुसरं फूल जमिनीवरचं चालत नाही देवाला, हे चालतं. वेचायचं, मोजायचं, वाहायचं आणि देवापुढे बसूनच आकडा लिहायचा. लाख झाली की उद्यापन.

चैत्राली : आणि खाली पडलेली सगळी मोजायचात? पाहिजे तेवढी घेऊन बाकीची सोडून नाही द्यायचा?

मेधा : सगळी. पडलेलं फूल टाकून यायचं नाही, असा माझा नेम होता.

चैत्राली : हे पण लिहून घेते. पद्धत म्हणून लागेल. थांबा, मी छापील तक्ता आणलाय, ताडून बघते. पंधरा जून, सत्तर. सत्तर. सोळा जून, एकशे तीस. बरोबर. बावन्न, बावन्न. काकू, एकही चूक नाही हो. आमच्या लॅबमध्ये सुद्धा असं नसतं.

मेधा : चहा टाकू? तू वाचत बस.

चैत्राली : नको, आधी हे. यात २०१४ ची वही नाहीये.

मेधा : ह्या तीन पुरणार नाहीत का तुला?

चैत्राली : तेच वर्ष तर पाहिजे. त्या फेब्रुवारीत पाऊस जवळपास पडलाच नव्हता. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे, की पाऊस नाही तरी बहर मोडला नाही. आणि त्यातच एक विचित्र आहे. हे बघा. अकरा फेब्रुवारीपासून एकवीसपर्यंत. एकशे आठ, एकशे आठ, एकशे आठ. अकरा दिवस तेच. मॅडमनी पेन्सिलनं गोल केलाय. झाड असं मोजून फुलत नाही ना काकू?

मेधा : छापलेलं आहे ना ते?

चैत्राली : हो.

मेधा : मग छापलेल्याचा आधार दे की. इतक्या जणांनी दिलाय.

चैत्राली : देता येईल. शुक्रवारी सबमिट करायचंय, बाकी कोणी विचारणारसुद्धा नाही. मॅडमना सांगता येईल, की वही हरवली. पण तुम्ही समोर आहात. वही हरवली आहे का?

मेधा : नाही.

चैत्राली : मग?

मेधा : देवघरात आहे. समईच्या मागे. घे तू. माझे हात पिठाचे आहेत.

चैत्राली : तुमचे हात कोरडे आहेत, काकू.

मेधा : घे ना तू.

चैत्राली : ही, लाल पुठ्ठ्याची. जानेवारी. फेब्रुवारी. नऊ तारीख, त्र्याण्णव. दहा, सत्तेचाळीस. अकरा... अकराला काहीच नाही. बारालाही नाही. काकू, तारखा आहेत आणि पुढे कोरंच आहे. एकवीसपर्यंत. बावीसला एकोणतीस.

मेधा : हो.

चैत्राली : मग एकशे आठ कुठून आले?

मेधा : माझ्या तोंडून. सोळा तारखेला रविवार होता. सरांचा फोन आला, हं ताई, सांगा. सोमवारचा सांगितला. सोमवारी गोळा केली होती. मग ते म्हणाले, मंगळवार? मी वेचली नाहीत असं म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, का, बरं नाही का. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. मी म्हटलं, एकशे आठ. बुधवार? एकशे आठ. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, वा, छान चाललंय.

चैत्राली : पण का वेचली नव्हती?

मेधा : सुतक होतं.

चैत्राली : सुतक म्हणजे?

मेधा : घरातलं माणूस गेलं की दहा दिवस देवाला शिवत नाहीत. फूलही वाहायचं नसतं. तो फोटो आहे ना तुझ्या मागे.

चैत्राली : कुशलदादा.

मेधा : तुम्ही तेव्हा बिशानला आला नव्हता. लक्ष त्याच्यासाठीच धरलं होतं. रक्ताचं दुखणं होतं. चौदावं चालू होतं त्याला. अकरा तारखेला, मंगळवारी.

चैत्राली : काकू, मला माहीत नव्हतं. तारीख माहीत नव्हती. मी असं तक्ता पुढे करून...

मेधा : तुझं काही चुकलं नाही. आकडा विचारायला आलीस, आकडाच विचारलास. पुढच्या रविवारी परत फोन आला. पहिल्या वेळी तोंडातून गेलं होतं. दुसऱ्या वेळी ठरवून सांगितलं. ते खोटं मोठं.

चैत्राली : आणि हेमचंद्र सरांना कधीच कळलं नाही?

मेधा : ते मलेशियात जंगलात होते, कामावर. फोन तिथूनच करायचे. दोन महिन्यांनी आले तेव्हा कोणीतरी सांगितलं. तू बसली आहेस तिथंच बसले होते. रडले. मीच त्यांना पाणी दिलं. आकड्यांचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

चैत्राली : पण वहीत तुम्ही कोरं ठेवलंत.

मेधा : वही देवापुढची होती गं. सरांशी खोटं बोलले. त्याच्यापुढे बसून कसं लिहिणार?

चैत्राली : सुतक दहा दिवस म्हणालात. कोऱ्या ओळी अकरा आहेत.

मेधा : मोजल्यास होय. अकराव्या दिवशी सुतक फिटलं होतं. न्हायले. परडी घेऊन खाली जायचं होतं. तशीच कॉटवर बसून राहिले, ऊन येईपर्यंत. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. अजूनही, तू विचारतेस म्हणून सांगते, कोणा दुसऱ्याचं सांगितल्यासारखं सांगते.

चैत्राली : बाराव्या दिवशी कशा गेलात मग? ज्याच्यासाठी वाहायची तो...

मेधा : रविवारी फोन येणार होता. आणि फुलं पडत होती.

चैत्राली : लाख झाली?

मेधा : पुढच्या आषाढात झाली.

चैत्राली : उद्यापन केलंत?

मेधा : ते कशाचं करायचं? कुलूप वाजतंय. काका आले तुझे.

नरेश : कोण, चैत्राली? बस, बस. आज बस लवकर सुटली. जुरोंग आयलंडच्या फाटकावर पास बघणारा नवीन आहे, एकेकाचा चेहरा नकाशासारखा वाचतो. हे काय, वह्या काढल्यात?

मेधा : तिला लिहायचंय कॉलेजात. लाल वहीपण दाखवली.

नरेश : बरं.

मेधा : त्या अकरा दिवसांचे आकडे मी सरांना खोटे सांगितले होते. तुम्हाला बोलले नव्हते कधी.

नरेश : बरं.

चैत्राली : काका, मला कळत नाहीये मी काय लिहू. आकडे काढून टाकले तर माझं वाक्यच पडतं. बहर मोडला नाही असं म्हणता येणार नाही. मोडला होता असंही म्हणता येणार नाही. चाळीस पानं परत लिहायची, आणि आज मंगळवार आहे. आणि नुसतं कोरं ठेवलं की परीक्षक विचारणार, कोरं का.

नरेश : आमच्याकडे प्लांटवर एक नियम आहे. रीडिंग घेतलं नसेल तर लॉगशीटवर जागा कोरी सोडायची आणि बाजूला कारण लिहायचं. अंदाजानं भरलंस तर घरी पाठवतात. वाल्व्ह फुटला तर त्या भरलेल्या आकड्यामुळे माणूस मरतो, कोऱ्यामुळे नाही.

मेधा : ऐकलंस ना? तसंच कर.

चैत्राली : कारणसुद्धा लिहू? प्रबंध आहे काकू, लायब्ररीत राहील. कोणीही वाचेल. हवं तर नुसतं ‘वैयक्तिक कारण’ लिहिते. तेवढं चालतं.

मेधा : वैयक्तिक म्हणजे काय, माझं डोकं दुखत होतं?

चैत्राली : मग तुम्ही सांगा.

मेधा : लिही. अकरा ते एकवीस फेब्रुवारी, मोजणी नाही. मोजणारीचा मुलगा वारला होता. इंग्रजीत कसं वाचतील ते मला म्हणून दाखवू नकोस. आणि खाली लिही, आधी कळवलेले आकडे खोटे होते, वही बघून दुरुस्त केले. माझं पूर्ण नाव घाल. एम. नको.

चैत्राली : मेधा नरेश साठे.

मेधा : हं. आणि हेमचंद्र सरांना मी पत्र लिहिते. तू मेल करायच्या आधी ते माझ्याकडून कळू दे. आज रात्रीच्या पाठानंतर बसते.

चैत्राली : मॅडमना काय सांगू?

मेधा : मूळ सापडलं म्हणून सांग. त्यात भोक आहे, तेही सांग.

चैत्राली : वहीच्या पानांचे फोटो काढते. मग आधार छापलेल्याचा नाही, वहीचा देईन. साठे, हस्तलिखित नोंदवही, बिशान. शुक्रवारपर्यंत होईल. प्रकरण बारीक होईल, पण उभं राहील.

नरेश : फुलं होती.

मेधा : काय?

नरेश : त्या अकरा दिवसांत. झाड फुलत होतं. मला रजा होती. पाचला जाग यायची, तुझी उठायची वेळ. तू भिंतीकडे तोंड करून असायचीस. मी खाली जाऊन उभा राहायचो. खूप पडलेली असायची. पाय कुठं ठेवावा कळायचं नाही.

मेधा : रोज?

नरेश : रोज. अकराव्या दिवशीपण.

मेधा : किती असतील?

नरेश : मोजली नाहीत. वाकलोच नाही. नुसता उभा राहायचो आणि सफाईवाला आला की वर यायचो.

चैत्राली : काका, हे... तारखेनिशी कुठं लिहिलं होतं का तुम्ही? फोटो वगैरे?

नरेश : नाही.

चैत्राली : मग सॉरी, पण मला हे घेता येणार नाही. इतक्या वर्षांनी नुसतं आठवणीवरून नाही चालत.

नरेश : घेऊ नकोस. मी तिला सांगत होतो.