औषध का बदललं?

काकू, अप्पासरांच्या घरची सगळी मंडळी, आणि सरांच्या खुर्चीत कधी ना कधी तोंड उघडून बसलेले तुम्ही सगळे उदगीरकर,

मला बोला म्हटलं तेव्हा मी नको म्हणाले होते. देवणीहून येताना बसमध्ये चार वाक्यं पाठ केली. इथं सरांचा हार घातलेला फोटो समोर आला आणि ती गेली. आता तोंडाला येईल तसं बोलते. सांभाळून घ्या.

दाताची डॉक्टर मी कॉलेजात झाले, पण काम शिकले सरांच्या हाताखाली. सहा वर्षं. रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायची. एका बैठकीत भागलं नाही, तर पुढच्या बैठकीपर्यंत आत औषध ठेवायचं आणि वरून कच्चं सिमेंट लावायचं. आता हे औषध कोणतं? पुष्कळ जण सवयीनं हाताला येईल ते ठेवतात. सर ठेवू देत नसत. त्यांच्या प्रत्येक कार्डावर हातानं आखलेला एक रकाना असायचा. 'औषध का?' कोणतं, हे नाही. का.

नळीत घाण असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड. सर त्याला 'आपला चुना' म्हणायचे. हळू चालतो, पण जंतू मारतो. नस जिवंत असून ठणकत असेल तर स्टेरॉईडची पेस्ट, दुखणं लवकर बसवते. एकदा मी त्या रकान्यात लिहिलं, 'दुखतंय म्हणून.' अगं बाई, काय चिडले!

"दुखतंय म्हणून तर माणूस आलाय! कशानं दुखायलंय ते लिही. न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हून लिही. पण कोरा ठेवायचा न्हाई!"

रोज दवाखाना बंद करताना ते कार्डं बघायचे आणि खाली सही करायचे. देवणीच्या माझ्या दवाखान्यातल्या कार्डावरही तोच रकाना आहे.

मागच्या महिन्यात सर माझ्याकडे आले. खालची डावी दाढ. स्वतःची दाढ स्वतःला कुठं करता येते? म्हणाले, "आता तू माझी डॉक्टरीण. बघू काय शिकलीस." दाढ किडलेली होती, हे खरं. मी साफ केली, चुना भरला, आठ दिवसांनी या म्हटलं.

ते चौथ्याच दिवशी आले. माझा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून आले ते डावा जबडा धरून, कपाळावर घाम. बाकावर बसले. दोन मिनिटांनी म्हणाले, "थांबलं बघ."

मी दाढ उघडली. आत कोरडं. वास नाही, पू नाही. दाढ बरी होत होती. मग दुखत काय होतं?

मी विचारलं नाही. मी औषध बदललं. चुना काढला आणि स्टेरॉईडची पेस्ट ठेवली.

सरांनी चूळ भरली. म्हणाले, "औषध का बदललं?"

"सर, दुखतंय ना तुम्हाला."

ते हसले. चिडले नाहीत. काकू, त्या दिवशी ते का चिडले नाहीत? त्यांनाही ती दाढच असावी असं वाटत होतं का?

तिसऱ्या दिवशी घरचा जिना चढतानाच सर गेले. हृदयाचा झटका. कुणाकुणाला ती कळ छातीत येत नाही, जबड्यात येते. चढताना येते, बसलं की थांबते. हे मला माहीत होतं हो! सरांनी असे दोन पेशंट ओळखून लातूरला पाठवलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

लिंगायत रीतीनं सरांना बसवून समाधी दिली, तेव्हा मीही बेलाचं पान वाहिलं. कपाळाला विभूती होती. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या दाढेत माझी पेस्ट आहे. वर कच्चं सिमेंट आहे. पुढची बैठक राहिली. तेव्हापासून जेवायला बसले की मी माझीच दाढ जिभेनं चाचपते. जिन्यावर पावलं वाजली की हात थांबतो. वाटतं, सर आले, विचारायला.

काकू, हे तुम्हाला घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा आले. दारात चप्पल काढली आणि परत घातली. मी विचारलं असतं तर सर वाचले असते का, मला ठाऊक नाही. पण मी विचारलं नाही. मला लई भीती वाटते आहे तुमची, तरी आज सगळ्यांसमोर सांगते.

हे त्यांचं कार्ड. रकाना कोरा राहिला होता. आज सकाळी भरला. 'कळलं नाही. विचारलंही नाही.' हे मी तुमच्या हातात देते. ठेवा, नाहीतर फाडा.

आणि तुम्ही सगळे ऐका. जिना चढताना जबडा दुखला, तर आधी माझ्याकडे येऊ नका. छाती दाखवा.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या.

अप्पासर, शरणु शरणार्थी. रकाना भरलाय. सही तेवढी राहिली.