फोटोतली गाडी, दारातली गाडी

—दिसतंय वो, चष्मा हाय की डोळ्यावर. मोबाईल जरा लांब धरा, अण्णा. हां. आता तुमीच सांगा, ह्यात पोरगा कुठाय? थट्टा न्हाय, खरंच विचारालीय मी. फोटोभर गाडी पसरलीय आणि कडेला दाराला टेकून कोणतरी गॉगलवाला उभा हाय. हा स्वरूपच, उभं राहायच्या तऱ्हेवरनं वळखला मी. लग्नाच्या माहितीसंगं असला फोटो पाठवलाय म्हंजे पोरगी पोराला द्यायची का गाडीला, ते आधी घरात ठरवून घ्या बाई. बसा की! उभ्यानं कुठं चौकशी हुती? आणि पत्ता विचाराय आलो म्हणून कशाला सांगता? शेजारी गेटवर एवढं मोठं नाव लिवलंय त्यांचं. तुमच्या मोटरसायकलचा नंबर तेवीसचा, म्हंजे निपाणीकडची माणसं. मुलीचे मामा असणार. सोयरीक निपाणीची आलीय हे स्वरूपच्या आईनं, अनुराधावैनींनी, आठ दिवसांमागंच कंपाउंडवरनं सांगितलंय मला— ‘मालूआक्का, कोण आलं तर चांगलं सांगा हं.’ सांगती की. खासबागेत निम्म्या लग्नांची चौकशी ह्याच कट्ट्यावर झालीय, आणि माझ्यामुळं मोडलेलं लग्न एक बी न्हाय. मोडायची ती आपली आपणच मोडलीत.

च्या घ्या. पोरगा कसा हाय म्हणतासा? चांगला हाय. उद्यमबागेत बापाच्या कारखान्यात बसतोय, सकाळी बस्तीत देवाची पूजा करून येतोय, दारू न्हाय, तंबाखू न्हाय— निपाणीच्या माणसापुढं तंबाखूला नाव ठेवलं, राग मानू नका. पण खरं सांगू? ह्या घरची माणसं कळायची तर गाड्या बघाव्या लागतात. माणसं गप असतात, गाड्या बोलतात. बापाची एक आणि पोराच्या दोन. तिन्ही एका कंपनीच्या, नाव बी एकच— आजी, आई, नात म्हणा की. फक्त आजीनं नातीला बघितलं तर म्हणंल, ही आमच्यातली न्हवं, दवाखान्यात बदलली.

ती बघा आजी, शेडमधी. हिकडनं दिसती का? जरा वाका. ती लाल. गोमटेशअण्णांनी— स्वरूपच्या वडलांनी— गोव्यातनं आणली, कुणा परदेशी माणसाची, बोटीतनं उतरलेली. स्वरूप तवा चड्डीत होता. असली गाडी ह्या गल्लीत कुणी बघितलीती? बुटकी एवढी की बाजूनं म्हैस गेली तर म्हैस मोठी दिसायची. आत दोनच माणसं, वर छप्पर कापडाचं, मागं सारलं की नुसतं आभाळ. आणि डोळं! दिवसा डोळं मिटून झोपलेली, पुढचं अंग सगळं गुळगुळीत, कुठं दिवा हाय म्हणून कळणार न्हाय— आणि सांजच्याला बटण दाबलं की दोन पापण्या वर हुतात आणि गोल गोल डोळ्यांनी बघाय लागती. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायची. तोंड केवढं? एवढंसं, कुणीतरी गमतीचं बोलल्यावर ओठ दाबून हसल्यागत. अंगावर रेघ न्हाय, घडी न्हाय. आमी हातमागावरची माणसं वो, माझा सगळा जल्म साड्यांत गेला, मी तुमाला साडीतच सांगती. ती गाडी म्हंजे जुनी शहापुरी साडी— अंग एकरंगी, काठ बोटभर, काय दाखवायचं ते पदरावर. बाई बाहेर पडली की आधी बाई दिसती, मग साडी.

मग मधली आली. कॉलेज संपल्यावर पोरानं हुबळीतनं आणली, चांदीच्या रंगाची. हिला पापण्याच न्हाईत. डोळं कायम उघडं, बदामागत ताणलेलं. स्वरूपला म्हटलं, आरं, पापण्या कुठं गेल्या? तर म्हणाला, मावशी, परदेशात नियम कडक झाले, माणूस धडकला तर ते वर आलेले दिवे लागतात. लागत असतील की. नियमापुढं कुणाचं चालतंय? पण अंग बी सुजल्यागत झालतं, बाळंतपणानंतर उतरलंच न्हाय असं. वाईट म्हणत न्हाय मी. लग्नात वाटायला स्टीलचे डबे आणतात न्हवं— कोण नाव ठेवत न्हाय, कुणाच्या ध्यानात बी राहत न्हाय— तशी गाडी. आली तशी गेली. मी तर दोन दिवस विचारलं बी न्हाय, कुठं गेली म्हणून. मी! म्हंजे बघा.

आणि आता ही फोटोतली. आणा तो मोबाईल. हे डोळं म्हंजे ब्लेडनं चिरल्यागत— कुणावर एवढा राग हाय हिचा? लग्नात मानपान राहिलेला जावई मांडवात बसतोय, तसं तोंड. आणि तोंड तरी केवढं! आख्खं कोंबडं मावंल, आणि तुमच्यात तर कोंबडं चालत बी न्हाय. बाजूला ह्या रेघा बघा, तीन तीन, शर्ट उन्हात वाळवून इस्त्री चुकल्यागत. मागं फळी लावलीय, कशाला? वारा दाबायला म्हणे. आमच्या गल्लीत वारा कुठला, आठवड्याचा कचरा अडकतोय तिच्यात. आणि चाकांच्या म्होरं ही भोकं हाईत न्हवं? मी एकदा बोट घालून बघितलं. आत भिंत! नुसतं दाखवायला भोक वो, आत प्लास्टिक. नाकपुड्या हाईत आणि श्वास न्हाय. रंग तरी घ्यायचा होता एखादा— उडदाच्या पिठात पाणी वतल्यागत. एवढे काठ, एवढी जर, एवढे बुट्टे, की साडीला अंगच राहिलं न्हाय. नेसणारी मेली की जिती, कोण विचारतंय?

नाव ठेवालीय असं समजू नका हां. कौतुकच हाय. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटारीच्या फरशीवर पोट अडकलं तिचं, तवा गल्लीनं फळकुटं लावून बाहेर काढली, वऱ्हाड जमल्यागत माणसं. जुनी तिथनंच सरळ निघून गेली, डोळं मिटून. न्हाय, स्वरूपची निवड न्हवं ती. वैनींनी घ्याय लावली— ‘मोठी सोयरीक यायची तर दारात मोठं दिसाय पायजे.’ दिसलं की. तुमी आलासा न्हवं? पोरगं सांजच्याला कारखान्यातनं येतंय, नव्या गाडीवर कव्हर घालतंय, आणि फडकं घेऊन जुनीपाशी. बॉनेटवर हात ठेवून नुसतं उभं राहतंय कधी कधी. आता सोयरीक ठरली की ती जुनी काढायची म्हणालेत वैनी. शेड मोकळं पायजे म्हणे, तुमच्याकडनं काय तरी येणार हाय. हुंडा न्हाय वो, कोण म्हणालं हुंडा! भेट. प्रेमानं. चार चाकांवर.

पण ती कोण घेणार म्हणा? डावी पापणी अडकती तिची. उजवा डोळा उघडतोय, डावा अर्ध्यात— डोळा मारल्यागत. स्वरूपला अजून जमत न्हाय ते, तेजूला बरोबर ठाऊक हाय. बॉनेटखाली एक गोल खुंटी हाय, ती हळू फिरवायची, जोर न्हाय लावायचा, की येती वर— तेजू? तेजस्वी, माझी पोरगी. शहापुरात कापडाच्या दुकानात हिशेबाला हाय. शेजारी म्हटल्यावर कळतंय की वो माणसाला शेजारच्या गाडीतलं! मला बी कळतंय. खुंटीचं न्हाय, पण बाकीचं कळतंय. लहानपणापासनं येणं-जाणं हाय. त्यो पोरगा तर आमच्याच चुलीपाशी वाढला म्हणा, लसणीची चटणी एवढी आवडती त्याला—

न्हाय न्हाय. लसणीची कुठली. चटणी. साधी. शेंगदाण्याची. वैनींच्या घरात लसूण आत येत न्हाय, तुमाला ठाऊकच हाय. त्यो बी खात न्हाय. फोटोत बघा की, खाणारा दिसतोय का?

तर काय सांगालते— आतनं आरामाला बरी हाय का? बरी असंल. मी नव्या गाडीत बसले न्हाय. जुनीत बसलेय एकदा, गोमटेशअण्णांनी पोरांसंगं एक फेरी मारून आणलीती. रस्ता एवढा जवळ येतोय की पायाखालनं काढून घेतल्यागत वाटतंय. पण मजा हाय वो. नवीत म्हणे काचा लावून बसायचं, गाणी, थंड हवा, बाहेरचं काय ऐकू येत न्हाय. मग गावाला गेलासा काय, घरात बसलासा काय? जुनीचं तसं न्हाय. मागल्या महिन्यात जांबोटीला गेलती, छप्पर उघडं टाकून, घाटात ते गार वारं— घरी आल्यावर केसाचा एवढा गुंता, एवढा गुंता, की खोबरेल लावून लावून सोडवत बसले मी, माझा हात भरून आला, आणि ती आपली आरशात बघून एकटीच हसालीय, ‘आई, हळू,’ म्हणालीय आणि हसालीय—

...

च्या थंड झाला तुमचा. दुसरा टाकू का?

कुणाचे केस म्हणतासा? केस काय, कुणाचे बी असतात. स्वरूपचे एवढे लांब न्हाईत, ते खरं हाय.

हे बघा अण्णा. माझ्याकडं असं बघू नका. तुमी भले माणूस दिसतासा, थंड च्या बी कुरकुर न करता पिलासा. मला चांगलं सांगाय सांगितलंतं आणि मी चांगलंच सांगालते. पोरगी माझी शहाणी हाय. तिचं तिलाच कळतंय— तुमी-ते दोघं जैन, बस्ती एक, दिवस बुडायच्या आत जेवायचं एक, आणि आमी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारी माणसं. वैनी माझ्या हातचं हळदीकुंकू घेतात, पण सून म्हणून घेणं वेगळं. सोयरीक आलीय कळल्यापासनं तेजू शेडकडं गेली न्हाय. डबा घेती, खाली मान घालून दुकानाला जाती. काल सांजच्याला जुनीची पापणी अर्धीच वर आलीती, आणि त्यो येडा कंपाउंडपाशी उभा, हाक मारू का नको म्हणून. हिनं आतनं बघितलं आणि कांदा चिराय घेतला. कशाला पायजे होता कांदा, आमटी तर झालती!

मोडा म्हणत न्हाय मी. माझं तोंड एवढं मोठं न्हाय. फक्त एक सांगा— तुमच्या भाचीला कुणी विचारलं का? फोटो दाखवला असंल. गाडी दाखवली असंल. तिला विचारलंसा का, बाई गं, तुला काय पायजे?

न्हाय. मला वाटलंच. कशाला विचारायचं, शेजाऱ्याला विचारलं की झालं! मी बी तसलीच की. सगळ्या गल्लीचं मला ठाऊक— कुणाचा जावई घर सोडून गेला, कुणाच्या मुलीनं नोकरी सोडली— आणि पोटच्या पोरीला अजून एक प्रश्न विचारला न्हाय मी. केस विंचरले. तेल लावलं. भ्या वाटतंय वो, व्हय म्हणाली तर काय करू?

जावा आता तुमी. न्हाय, रागानं न्हाय. घरी काय सांगायचं ते सांगा, लसणीचं सोडून. दिवसाउजेडी स्तवनिधीचा घाट ओलांडा, तिथं ट्रकवाले बघून चालवत न्हाईत. मला भाकरी थापायच्यात, आणि पोरगी दुकानातनं यायच्या आत एक वाक्य जुळवून ठेवायचंय— आयुष्यभर बोलत आले, पण ह्या एका वाक्याला सुरुवात कुठनं करायची, ते येईना मला. उठा. उठा की वो.