डाव्या डोळ्याची रायफल

हरणांच्या शिकारीचा मोसम दोन दिवसांवर आला होता. मिशिगनच्या उत्तरेकडच्या त्या गावात परवान्यासाठी रांग होती आणि एलरॉयच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

“मागच्या वर्षी परवाना काढला नाहीत, रेनोकाका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आरागिरणीत डोळा गेला गं. रायफल धरायची सवय उजव्या खांद्याला, आणि नेमाला डोळा उरला डावा. म्हटलं, संपलं आपलं.”

“संपलं म्हणून वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात बसून होता,” म्हातारी म्हणाली. “ बटाटे सोलण्यातही चुका काढायचा.”

“तू जाड सोलतेस, लेम्पी. मग एक दिवस बघतो, तर माझ्या जुन्या लष्करी रायफलीचा लाकडी दस्ता काढून ही नवा तासत बसलेली. असा वाकडा, की बूड उजव्या खांद्याला टेकतं आणि नळी डाव्या डोळ्यासमोर येते.”

“तीन वाया गेले. चौथ्याला जेवणाच्या टेबलाची फळी कापली.”

“आता पाहुण्याला उभ्यानं जेवावं लागतं.”

“येतंय कोण तुझ्याकडे?”

“नेम लागतो का पण?” मुलीनं विचारलं.

“काल पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मग डोळा पुसत बसला.”

“वारा होता.”

“बरं, एक परवाना ना?” मुलीनं विचारलं.

“दोन. दुसरा हिच्या नावानं.”

“मला कशाला? मी जन्मात गोळी झाडलेली नाही.”

“झाडू नकोस. नुसती माझ्या उजव्या अंगाला चाल. तिकडचं मला काही दिसत नाही.”

लेम्पी वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली, आणि एलरॉयनं एक पाऊल मागं सरून तिला जागा करून दिली.