सदर देव कुणाचा?

...अहो, पण जे साम्राज्य गेल्या मंगळवारी सुतारांनी ठोकून उभं केलं, त्याचा धर्म मी कुठून आणू? तुम्हाला सांगते, बी.ए.ला इतिहास घेतलेली मुलगी सिनेमाच्या स्टुडिओत नोकरीला लागली की तिला सगळं येतं असंच धरून चालतात. मॅनेजर सयाजीराव मागून येऊन एकदम म्हणाले, "ताई..." मी दचकून दौत सांडली. "शेवटी हिरो शत्रूच्या देवाला लाथ मारून पाडतोय. कुणाच्या भावना दुखायला नकोत. ह्यो देव कुणाचाच न्हाय, आसं लिहून द्या. शिकल्यालं माणूस तुम्हीच हाय की." आणि खाली सही कुणाची? माझी. नोकरी अजून कच्ची, आणि उद्या मोर्चा आला तर पुढं उभी करणार मला!

म्हणून गेले सेटवर खुणा शोधायला. कमानी टोकदार, वर कळस, पुजाऱ्यांची डोकी तुळतुळीत, पडद्यावर चंद्रकोर, खाली कमळ, आणि मधे हा एवढा थोरला प्लास्टरचा तीन डोळ्यांचा देव... त्याला बघून परत दचकले. पडदे रंगवणाऱ्या मीरासाबचाचांना विचारलं, हे कमळ कशाचं? "पोरी, तितं भोक पडलंतं, झाकलं." चंद्रकोर? "मागल्या पिक्चरमधली रात हाय ती." बरं, तिसरा डोळा? "खिळा दिसत हुता." हा धर्म. आणि सही कुणाची? माझी.

रागारागानं लिहिलं, 'सदर देव कोणाचाही नाही.' सकाळी कागद घेऊन सेटवर जाते, तर देवाला हळदीकुंकू! झाडलोट करणाऱ्या शालूबाई हात जोडून उभ्या. म्हटलं, अहो, हा खोटा आहे. तर म्हणतात कशा, "आसंल की. पर माजी कंबार धरलीती, काल ह्येला पुसला आन् सुटली." तेवढ्यात सुतार हार घेऊन आले, मीरासाबचाचांनी ऊद लावला, आणि चार सिनेमांत वाघाशी झुंजलेला आमचा हिरो, लाथ मारा म्हटल्यावर खुर्चीतून उठेना. "मी न्हाय मारणार. बायकू म्हायेरी हाय, दिवस भरल्यात तिचं."

सयाजीराव ओरडले ते माझ्यावरच. "कुणाचाच न्हाय म्हणालता न्हवं? आता कुणाचा त्ये लिवा."

काय करणार... 'कोणाचाही नाही' खोडलं आणि लिहिलं, 'सदर देव शालूबाई व इतर यांचा आहे.' सही? माझीच. मग चपला काढून आत गेले आणि नोकरी पक्की होऊ दे म्हणून नारळ फोडला.